दुसऱ्या रात्री फॉर्मल

प्रणितनं जहाजावरून यादी धाडली आहे.
पहिल्या रात्री काहीही चालेल, फक्त स्लिपर नको.
दुसऱ्या रात्री फॉर्मल.
तिसऱ्या रात्री सगळं पांढरं.

तिसऱ्या रात्रीचं ह्यांनी जागच्या जागी निकालात काढलं.
पांढरा लेंगा, पांढरा सदरा, टोपी.
एकतीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला
तेच तर घालून गेले.
"आपल्याला नवं काय त्यात," म्हणाले,
आणि चहात खारी बुडवली.

घोळ दुसऱ्या रात्रीचा आहे.
कोट शेडग्यांच्या जावयाचा,
काळा, आत गुलाबी अस्तर.
बाहीला आला. पोटालाही आला, कसाबसा.
मानेमागे मात्र बसेना.
तिथं गोणी टेकायची. तिथं गाठ आहे,
टणक, लिंबाएवढी,
आमच्या लग्नाच्याही आधीची.
कॉलर तिच्यावर चढते
आणि मागून कुणी मानगूट धरल्यासारखा
माणूस दिसतो.

टेलर म्हणाला, दोन्हीकडे पॅड घालू, झाकून जाईल.
मी कोट काखेत मारला आणि घरी आणला.
कोपरखैरण्यात बावीस वर्षं फॉल-पिको करते मी.
नेरूळच्या बायकांच्या साड्या
माझ्या मशीनखालून सिंगापूरला जाऊन आल्या.
पाठीची शिवण उसवली,
गाठीला बोटभर जागा दिली
जुन्या काळ्या परकराची पट्टी जोडून.
उन्हात रंगातला फरक कळतो.
असू दे. जेवण रात्रीचं आहे.

माझंच अजून ठरत नाही,
मोतिया की मरून.
जेवणाऱ्यांनी काय घालायचं ते सगळं यादीत आहे.
वाढणाऱ्याचं नाही.
त्याचं ठरलेलं असणार, इस्त्रीसकट.
फोनवर विचारलं, "आमच्या टेबलाला तूच ना?"
"नाही गं, मी खालच्या डेकला.
त्या वेळी वर यायची परवानगी नसते."
मग मागं कुणीतरी भांडी आपटली,
आणि तो घाईनं म्हणाला,
"पण खालून काचेतून तुमचा जिना दिसतो.
मरून नेस."

रात्री ह्यांनी कोट घालून बघितला.
आरशासमोर नाही, खिडकीशी,
ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रकांकडे तोंड करून.
जरा वाकले,
दोन्ही हात आपसूक डोक्यामागं गेले,
कुणी वरून काही ठेवणार असल्यासारखे.

हळू, म्हटलं.
टाका कच्चा आहे अजून.