दाराच्या ह्या बाजूला

चार वाजून चाळीस मिनिटांनी मुरा गळा काढते.
भुंकत नाही; भुंकणाऱ्यावर डाफरता तरी येतं.
आधी घशात खरखर, गंजलेला नळ सुटावा तशी,
मग तोंड छताकडे, आणि तो लांब, एकसुरी हेल
पाच मजल्यांच्या पाइपांतून वर चढत जाणारा.

कानात महापालिकेचा पिवळा बिल्ला आहे तिच्या,
म्हणजे लस झाली, नसबंदी झाली, चावत नाही.
आधी कुठं होती, विचारलं
तर निवाऱ्यातल्या बाईनं खांदे उडवले
आणि सही करायचा कागद पुढे सरकवला.

खालचा एल्गुजा रेडिएटरवर चमचा आपटतो.
तीन ठोके : झोपू द्या.
पाच ठोके : त्यात माझ्या आईचा उल्लेख असतो.
वरच्या मजल्यावर त्सिसियाची परीक्षा.
तिची आई जिन्यात गाठून म्हणाली,
कुत्रं रडलं की घरातलं माणूस जातं.
घरात मी एकटीच, म्हटलं, शोधाशोध नको.

करून पाहिलं सगळं.
रात्री साडेअकराला पुलापर्यंत फेरी,
कोंबडीच्या मानांचं सूप,
माझा जुना स्वेटर तिच्या अंथरुणात,
रेडिओवर पहाटेपर्यंत हवामान.
बातुमीचा पाऊस तिला आता तोंडपाठ असेल.

डॉक्टर बेझान म्हणाला, तिला कळतं.
दहा मिनिटांनी तुमचा गजर होणार,
मग बूट, मग किल्ल्या, मग तुम्ही नाही.
रडताना दार उघडू नका. थांबली की उघडा,
दोनच श्वास थांबली तरी चालेल.
रडण्याला नको, शांततेला मजुरी द्या.

मजुरीचं मला सांगू नका.
मी मेट्रोत, सरकत्या जिन्याच्या तळाशी,
काचेच्या खोक्यात बसते.
दिवसभर वर जाणाऱ्या पाठी बघायच्या,
कुणी पडलं तर बटण दाबायचं.
वर्षाला तीन-चार पडतात.

तर ती स्वयंपाकघरात, मी ह्या बाजूला,
अनवाणी, कडीवर हात.
हेल अकरा सेकंदांचा. श्वास. पुन्हा अकरा.
फरशी इतकी गार की तळवे आपले वाटेनात,
आणि गार तळव्यांवरूनच आठवलं.

ब्याण्णवचा हिवाळा. वीज नाही, गॅस नाही.
आई साडेचारला उठायची, पावाच्या रांगेसाठी,
मनगटावर शाईनं नंबर लिहून घ्यायची.
मला बाहेरून कुलूप. मी सहा वर्षांची.
किती वेळ रडायचे, ठाऊक नाही,
मोजणारं कुणी नव्हतं दाराच्या त्या बाजूला.

फक्त खालून, मेलेल्या रेडिएटरवर,
एक ठोका.
थांबून, आणखी एक.
तीन नाही, पाच नाही.
मी चमचा शोधून उत्तर द्यायचे,
आणि मग बराच वेळ काही लागायचं नाही मला.
आई यायची. पाव कधी असायचा, कधी नसायचा.
ते ठोके कुणाचे, हे मी कधी विचारलंच नाही.
खाली तेव्हाही तोच राहायचा.

आज हेल सुरू झाला तेव्हा
हाताशी किल्ल्याच होत्या.
ह्या खोलीतल्या रेडिएटरवर एक ठोका दिला.
थांबले. आणखी एक.

स्वयंपाकघरात नखं वाजली. मग काहीच नाही.
एक श्वास.
तिचा कान, बिल्ल्याचा, उभा झाला असणार.
दुसरा श्वास.
कडी काढली.

तेवढ्यात खालून उत्तर आलं :
पाच ठोके, एकही न गाळता.

मुरानं माझा तळवा चाटला, मग दुसरा.
बूट घालताना ती बुटावरच बसून राहिली.
उद्या रविवार, मला सुट्टी आहे.
हे तिला कोण सांगणार?