निधान

उद्यमबागेतल्या फौंड्रीची भिंत पंचवीस फूट.
माझी शिडी बांबूची, मजगावच्या बेटातली,
वरची पायरी काथ्यानं बांधलेली.
कागदावर मजकूर: उंचावर काम करताना पट्टा बांधा.
आधी कन्नड, मोठं. खाली मराठी, मावेल तसं.
मी अनवाणी, बनियनवर,
एका हातात पिवळ्याचा डबा, दुसऱ्यात ब्रश,
शिडी धरली होती ती फक्त भिंतीनं.

'बांधा'च्या अनुस्वारावर होतो
तेव्हा खालून ईरय्या मठपती ओरडले,
"केळगिळीरी! मोदलु केळगिळीरी!"
सेफ्टीचे साहेब. गळ्यात शिट्टी,
डाव्या हाताला अडीच बोटं.
उतरलो.
त्यांनी बोर्डाकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे.
"लुमाण्णा, तुम्ही नुसतं लिहितासा?
वाचत नाहीसा?"

चाळीस वर्षं अक्षरं काढतोय.
हे कुणी विचारलं नव्हतं.

कमरेला पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरी वरच्या गर्डरला.
असं लटकून लिहायला लागलो आणि ध्यानात आलं,
आमची मराठी अक्षरं पहिल्यापासून अशीच,
एका आडव्या दोरीला धरून.
कन्नडला ती दोरी नाही,
ज्याच्या त्याच्या डोक्यावर आपापलं तलेकट्ट,
हेल्मेट म्हणा.
पाट्यांवरून आमच्याकडे डोकी फुटलीत, खोटं कशाला सांगू.
पाटीवरची अक्षरं मात्र
डोकं सांभाळूनच उभी असतात.

दुपारी भट्टीखात्याचा दरवाजा. शब्द एकच, निधान.
"म्हणजे सावकाश," ईरय्या म्हणाले.
मी म्हटलं, मराठीत निधान म्हणजे ठेवा,
पुरलेला हंडा.
भरमा धामणेकर रिकामी लॅडल तापवत बसला होता.
कशाला तापवतोस गा, आत तर काही नाही?
त्यानं डोळ्यांवरची काच वर केली.
"ओल राहिली तर? वाटीभर पुरे.
रस पडला की तिची वाफ होतीया, वाफ वाट शोधतीया.
वाट म्हणजे आम्ही."
काच खाली.
ईरय्यांचा डावा हात खिशात गेला.

गेटाजवळ काळा फळा: अपघाताविना दिवस,
पुढं खडूनं दोनशे बारा.
ऑइलपेंटनं काढून देतो, टिकेल, म्हणालो.
वॉचमन हसला.
"रोज पुसायला लागतंय म्हणूनच बरं आहे."

मागच्या भिंतीवर आजवर कुणी काही लिहायला सांगितलं नव्हतं.
तिथं जळक्या वाळूचे ढीग.
पावसात ती चरात, चरातून नाल्यात,
नाल्यातून येळ्ळूरच्या शिवारात.
मेव्हण्याचं भात आहे तिकडं. दोन वर्षं वाफ्यात काळा थर,
आणि तो माझ्याशी बोलतो
ती वाळू मीच टाकल्यासारखा.
यंदा वाळूवर पत्र्याची शेड केलीय,
चर अडवून तीन टाक्या.
मला फक्त आकडे घालायचे होते. एक. दोन. तीन.
पहिलीत पाणी शाईसारखं.
दुसरीत बिनदुधाच्या चहासारखं.
तिसरीत माझं तोंड दिसलं,
गालावर पिवळा ठिपका.
"पाण्याला पळू द्यायचं नाही," ईरय्या म्हणाले,
"मग गाळ आपोआप बसतो. विद्या एवढीच."
निधान, मी म्हटलं.
ते पहिल्यांदाच हसले.

काम संपलं की जवळच्या पाण्यात ब्रश झटकायचा,
बापापासूनची सवय.
हात गेलाच, तिसऱ्या टाकीच्या काठापर्यंत,
आणि तिथं थांबला, ठिबकत्या ब्रशासकट.
मग टर्पेंटाइनच्या डबड्यात धुतला,
झाकण ठोकलं, डबडं सायकलला अडकवलं.

आता त्या डबड्याचं काय करायचं
हे ईरय्यांना विचारायचं राहूनच गेलं.
परसात आहे, झाकलेलं.
बायको रोज विचारते, त्यात काय पुरलंय.