स्वल्पविराम

रात्रपाळी. प्लझेन स्टेशनची सिग्नल-खोली.
एक मालगाडी दोन वाजून दहाला जाते,
पुढची चारला.
मधल्या वेळात मी
अनोळखी माणसांची मोडलेली गणितं दुरुस्त करतो.
पगार नाही याचा. बायको म्हणते, व्यसन आहे.

उरुग्वेतल्या पायसांदूहून नेलिदा एचेगोयेन लिहितात:
"शाळेतली मुलं रोज धक्क्यावर जाऊन
रंगवलेल्या काठीवर नदीची उंची वाचतात.
तुमच्या प्रोग्रॅमला आकडे दिले
तर नदी वेड्यासारखी उड्या मारते.
सहा मीटर, चाळीस मीटर, सहा, बावन्न.
चाळीस मीटर पाणी आलं
तर चर्चचं घड्याळसुद्धा बुडेल.
मुलं हसताहेत. मला हसू येत नाही.
माझ्या वडिलांचं दुकान एकदा याच नदीनं नेलं."

तुमच्या प्रोग्रॅमला!
अकरा वर्षांपूर्वी मी त्यात सतरा ओळी लिहिल्या.
बाकीचे हात कुणाकुणाचे, मलाही ठाऊक नाही.
तरी कुणी "तुमचा" म्हटलं
की कॉलर आवळल्यासारखी होते.

मी नेहमीचं विचारलं:
कुठलं व्हर्जन? कुठला संगणक?
लाल अक्षरांत काय आलं?
लाल काहीच नाही, म्हणाल्या.
हे वाईट. किंचाळत मोडतं ते परवडतं,
हे गोड बोलून चुकत होतं.

मग लिहिलं: एकेक काढून टाका.
मुलं काढा, काठी काढा, सहा महिने काढा.
चूक होते आहे तोवर काढत राहा.
आणखी काही काढलं तर चूकच नाहीशी होईल,
इतकं थोडं उरेल
तेवढंच पाठवा.

दोन दिवस काही नाही.
वाटलं, रागावल्या.
वाटलं, असं कुणाला सांगू नये, काढून टाका म्हणून,
आणि तेही जिचं दुकान…

तिसऱ्या रात्री एक ओळ आली.
६,४०
एवढीच.

मालगाडी जाईपर्यंत तिच्याकडे पाहत बसलो.
घोडं कुठे पेंड खातंय, कळेना.
तेवढ्यात मादागास्करहून हाइंगो
(वय एकोणीस, याहून जास्त माहीत नाही)
लिहिते: "आम्हीही असंच लिहितो.
प्रोग्रॅम स्वल्पविरामाला कुंपण समजतोय.
अलीकडे सहा, पलीकडे चाळीस.
एका नदीच्या दोन केल्यात तुम्ही.
ओळ एकशे बारा बघा."

एकशे बारा माझी.

चूक होते, तिचं काही नाही.
पण माझ्याच गावात पावाची किंमत
स्वल्पविराम देऊन लिहितात.
आईच्या हिशेबाच्या वहीत पानोपानी स्वल्पविराम,
जरा तिरके, शेपटी लांब.
मीही तसाच शिकलो.
मग केव्हातरी, मोठ्या लोकांत बसायला मिळावं म्हणून
टिंब द्यायला लागलो,
आणि सगळं जग टिंबच देतं असं धरून
सतरा ओळी लिहून मोकळा झालो.

दुरुस्ती चार ओळींची. हाइंगोने केली.
मी तपासली, एका जागी कंस हलवला,
तो उगाच, माझाही हात लागावा म्हणून.
चाचणीसाठी एक आकडा हवा होता,
६,४० घातला.
आता कुठेही, कुणीही हा प्रोग्रॅम नव्याने उभा केला
की तो आधी पायसांदूच्या धक्क्यावर जातो,
काठी वाचतो,
मग पुढचं.

नेलिदाबाईंनी आलेख पाठवलाय.
नदी एकच. जरा फुगलेली, मग हळूहळू उतरणारी.
कोपऱ्यात एका मुलाने पेनाने
चर्चचं घड्याळ काढलंय,
कोरडं.

चारची गाडी वीस मिनिटं उशिरा.
नोंदवहीत बाहेरचं तापमान लिहायचं असतं.
उणे तीन, स्वल्पविराम, पाच.
शेपटी मुद्दाम लांब काढली.