दाराबाहेरचा ड्रम

पिकर्सगिलनं नाव बदललं तेव्हा मी समोर होतो.
"लेन व्हेअर," तो म्हणाला, "हवेत एवढंच मावतं."
हडर्सफील्डच्या गिरणीतलं ते लांबलचक आडनाव
बसच्या तिकिटासारखं चुरगळून त्यानं कोटाच्या खिशात टाकलं.

लंडनच्या त्या स्टुडिओत पडद्यांवर पडदे होते,
टाळी वाजवली तर तळहातावरच मरायची.
मधोमध चाकांवर मायक्रोफोन,
खाटकाकडच्या जाळीच्या कपाटाएवढा.
ड्रममुळे सुई उडते, इंजिनियर म्हणाला,
म्हणून मला कॉरिडॉरमध्ये बसवलं,
ड्रमवर ब्लँकेट, दार वीतभर उघडं.
फटीतून मला त्याची फक्त पाठ दिसायची
आणि त्याच फटीतून मी जायचो अख्ख्या इंग्लंडात:
शेजारच्या घरात कुणी जिना उतरतंय,
तेवढाच.

गाण्यांची नावं सांगायला बंदी होती, जाहिरात होते म्हणे.
तो नुसतं म्हणायचा, "आणखी एक."
त्या दोन शब्दांवर बायका भाळल्या.
पोत्यांनी पत्रं.
एकीनं लिहिलं होतं, आम्ही हेडफोन पुडिंगच्या वाडग्यात ठेवतो,
वाडगं घुमतं, सात डोकी त्यावर वाकतात,
काका नेमके तेव्हाच शिंकतात.
ते पत्र त्यानं ठेवलं. बाकीच्यांवर आम्ही चहा केला.

आईनं त्याला कधी ऐकलं नाही.
"व्हेअर कोण? मी नाही ओळखत."

मग हॉटेल ऑल्डरमिअर, शनिवारी साडेदहा ते बारा.
मागं चारशे जोडपी नाचतायत
आणि हा त्यांच्याकडे पाठ करून
एका लोखंडी डबीकडे बघून हसतोय.
मला आता आत घेतलं होतं.
खरं सांगतो, दाराबाहेर ताल बरा लागायचा.

मग आला रॉली फेनिक, एकोणीस वर्षांचा,
मायक्रोफोनच्या कानात बोलल्यासारखा गाणारा.
नाकापेक्षा मोती जड.
पोस्टरवर लेनचं नाव आधी खाली गेलं,
मग बारीक झालं,
मग युद्धात कागदच मिळेना.

लोक विचारतात, रेकॉर्ड आहे का एखादी?
नाही. त्या रात्री कुणी साठवल्या नाहीत.
वाजल्या, संपल्या,
जेवणं झाल्यावर टेबलावर उरतात तेवढे चुरे
माझ्या मनगटात आहेत, ते तुम्हाला दाखवता येत नाहीत.

शेवटचा भेटलो मोरकंबला, समुद्राकाठच्या दुकानात.
रेडिओ विकत होता. दारावर पाटी: एल. पिकर्सगिल.
एक बाई आली, म्हणाली, हा अक्रोडी रंगाचा लावून दाखवा.
त्यानं बटण फिरवलं.
व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं.
ती वाट बघत पर्सचा खटका उघड-मीट करत होती,
आणि तो, तिच्याकडे पाठ करून,
टाय सरळ करत होता.