पॉलिशवाला

वरणगावात मे महिन्यात दुपारची वीज जाते,
म्हणून बाबांचा कॉम्प्युटर रात्री चालतो,
कूलरच्या घरघरीत, खांद्यावर ओला पंचा टाकून.
मी धुळ्याहून पोचले तेव्हा पडद्यावर एक ढाल होती,
ढालीवर लाल फुली,
आणि बाबा हात मांडीवर ठेवून समोर बसलेले.
"तीनशे सत्तेचाळीस व्हायरस," ते म्हणाले,
दवाखान्यातून आल्यासारखे.

छत्तीस वर्षं फॅक्टरीत काडतुसं तपासली त्यांनी.
गेजमधून गेलं ते पास, अडकलं ते रद्द.
केसाएवढा फरक बोटांना कळायचा.
आणि लाल दिवा लागला की हात जागच्या जागी थांबवायचा,
कारण विचारायचं नाही.
ढालीला हे कुणी सांगितलं असेल?

मी म्हटलं, बाबा, हा सुरू होईपर्यंत
चहा उकळून, गाळून, पिऊन होतो,
मग अख्खी डिस्क बारा सेकंदांत कशी तपासली?
नेटची वायर काढली. वायर माझ्या हातात लोंबत होती
आणि तो सांगतच होता, आत्ता, या क्षणी,
कुणीतरी तुमचा पासवर्ड नेतो आहे.
बंद करून पुन्हा लावला.
पुन्हा तीनशे सत्तेचाळीस. एक कमी नाही, एक जास्त नाही.
खरं दुखणं इतकं नेमकं नसतं.

बिबड्यांची ज्वारी उपसून आई आली, हात ओले.
तिला इंग्रजी वाचता येत नाही. तिने एवढंच पाहिलं
की फुली दाबली तरी तो जात नाही,
दारातून पाय काढत नाही.
"हा तं पॉलिशवाला हाय," ती म्हणाली.
"आधी म्हनतो, पाटली काळी पडली.
आपल्याले दिसत नाही, त्याले बरोबर दिसते.
मंग म्हनतो, द्या, अठीच करून देतो."

"कोणता पॉलिशवाला?" बाबांनी विचारलं.
कूलरमधलं पाणी संपत आलं होतं, पंप कोरडा खरखरला.
मी दहावीत होते तेव्हाची गोष्ट निघाली.
डबा, हळदीचं पाणी, अर्ध्या तासाने उघडा म्हणाला होता.
पाटली होती आत. चकचकीत होती.
जळगावच्या सराफाने वजन केलं, बोलला काहीच नाही,
फक्त काटा तिच्याकडे फिरवला.
पाऊण तोळा.
चौदा वर्षं तीच पातळ पाटली घातलेल्या हातातून
केसाएवढा फरक ओळखणारे बाबा
चहाचा कप घेत आले होते.

मी एफ-आठ दाबत राहिले. सेफ मोड:
चारी कोपरे काळे, अक्षरं मोठी,
वीज गेलेल्या घरात एकच कंदील असावा तसं.
इथे ढाल उठलीच नाही. झोपलेली सापडली
एका फोल्डरात, ज्याचं नाव
कुणी कोपराने टाईप केल्यासारखं.
फोल्डर काढलं. सुरुवातीच्या यादीतलं नाव खोडलं.
ब्राऊझरला त्याने भलत्याच रस्त्याला लावलं होतं,
ते सरळ केलं. मग पेनड्राइव्हमधला खरा तपासनीस बसवला.
त्याने तीन तास घेतले, एकदाही ओरडला नाही,
आणि दोन व्हायरस दाखवले.
त्यातला एक माझ्याच पेनड्राइव्हमधून आलेला,
राखीच्या लग्नाच्या फोटोंसोबत.

पहाटे बाबांनी कपाटातून पासबुक काढलं.
"परवाच भरले," म्हणाले. "अठराशे पन्नास.
कार्डचा नंबर पण दिला."
बँकेत फोन लावला, कार्ड बंद केलं. पैसे गेले ते गेले.
आई काही बोलली नाही. तीही बोलली असती तर कुठून?

गच्चीवर चूल पेटली. घाटा शिजायला लागला.
बाबा वर गेले, आईचं मनगट धरलं,
पाटली अंगठ्याने एकदा पूर्ण फिरवली,
गेज फिरवतात तशी, डोळे मिटून.
पास की रद्द, सांगितलं नाही.
"सोडा आता," ती म्हणाली,
"घाटा करपून रायला."