एकशे बारावा पॅसेज

शनिवारी रात्री अकराला संस्थेत
मी आणि पहारेकरी ओल्द्रिख, एवढेच जागे.
तो खाली रेडिओवर हॉकी ऐकतो,
मी वर सदतीस अंशांचं दार उघडते.
बाहेर ब्रनोत ट्रामचे रूळ गोठलेत;
आतला उन्हाळा संपत नाही.

प्लेटच्या तळाशी ते दाटीवाटीनं बसलेत,
अंगाला अंग लावून.
पिवळ्या टिपनं मी मधोमध एक रेघ ओढते,
एका दमात. हात कापला तर रेघ वाकडी,
आणि वाकडी रेघ मोजणीत धरत नाहीत.
याला आम्ही जखम म्हणतो.
सुटून आलेल्यांना दोनदा धुऊन टाकते,
घड्याळ लावते,
आणि बघत बसते
काठावरचा कोण आधी पाय काढतो.

पाय म्हणजे काय, तर कडेला पातळ झालेली झालर.
ती पुढे सरकते, चाचपते, पकडते,
मग मागचं सारं अंग ओढून घेते.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात.
यांना पाठही नाही.

गुलाबी पाणी पिवळं पडलं की समजायचं, भूक लागली.
आठवड्यातून दोनदा, विरजण लावावं तसं,
जुन्यातलं चमचाभर नव्यात घालायचं,
उरलेलं ब्लीचमध्ये.
हे एकशे बारा वेळा झालंय.
पहिल्या वेळी माझा जन्मही नव्हता.

तेव्हाच्या वहीत द्राहोमीराबाईंची पेन्सिल:
पुरुष, चोपन्न. डावं मूत्रपिंड.
फुप्फुस, मग मणका.
आणि समासात, जिथे काही लिहायचं नसतं तिथे:
गाव सोडून कधी कुठे गेला नाही. मधमाश्या पाळतो.

पाळतो.
नियमानं हे मी वाचायला नको होतं.
वाचलं ते वाचलं.

गेल्या महिन्यात मी त्याला कोरड्या बर्फात घालून
उप्सालाला पाठवलं. त्याआधी ओसाकाला.
कस्टमच्या फॉर्मवर किमतीच्या रकान्यात
एक युरो लिहितो आम्ही; शून्य चालत नाही.

दोनला ओल्द्रिख जिना चढून येतो,
प्रत्येक पायरीवर किल्ल्या वाजवत.
त्याचंही एक मूत्रपिंड काढलंय, परवाच्या हिवाळ्यात.
हा रोग आमच्या देशात पुष्कळांना गाठतो,
का, ते कुणी धड सांगत नाही.
रोज विचारतो, "चालले का?"
"तासाला चौदा मायक्रॉन."
"मग माझ्यापेक्षा बरे आहेत," म्हणतो,
आणि गुडघा चोळतो.

तिसऱ्या खणात औषध आहे.
तिथली रेघ अजून उघडी, नांगरल्यासारखी स्वच्छ.
मार्गदर्शक सोमवारी खूश होतील.
मला खात्री नाही.
थांबलेत की नुसते मेलेत, हे या फोटोत कळत नाही,
आणि मेलेले तर कसेही चालत नाहीत.
त्यासाठी वेगळी चाचणी, वेगळं बजेट.

चारला पहिल्या खणात
दोन्ही काठ एकमेकांजवळ आलेले,
आणि भर मध्यात एकच,
ना इकडचा ना तिकडचा,
कुणाला न धरता उभा.
बाकीचे भरून येतायत.
भरून येणं कातडीलाही जमतं.
हा मात्र निघालाय.

ओल्द्रिख चष्मा कपाळावर सारून
एका डोळ्यानं बघतो. बराच वेळ.
"कोण आहे हा?"
नाव मला माहीत नाही, माहीत असतं तरी सांगता आलं नसतं.
"मधमाश्या पाळतो," मी म्हणते.
"कुठल्या गावचा?"
"ते लिहिलेलं नाही."

तो नळीपासून बाजूला होतो.
त्याच्या श्वासानं काच धुरकटलीय.
मी ती पुसते, फोकस परत लावते.
तेवढ्यात तो थोडा डावीकडे गेलेला असतो.