उजेड पाडणं

आमच्या वार्डोत नोव्हेंबर सरता सरता
खिडकी रजेवर जाते.
वर्षभर तिच्या जिवावर मी माणसं टिपली.
डावीकडून येणारा तो दुधाळ उजेड,
ना त्याला वायर, ना हप्ता.
आता दुपारी बाराला जी निळी राख पसरते
तिच्यात कुणाचं नाकसुद्धा धड दिसत नाही.

म्हणून फ्लॅश घ्यायचं ठरवलं.
दोराला गाठ मारता मारता वडील म्हणाले,
"घे. बघू, काय उजेड पाडतेस."

जाहिरातीतला संच: तीन दिवे, तीन स्टँड,
दोन सॉफ्टबॉक्स, चाकांची बॅग,
चार हजार नऊशे क्रोनर.
फोटोतली बाई तिन्ही बाजूंनी इतकी उजळलेली
की तिला पाठ आहे की नाही, शंका यावी.
मी रात्री जागून आकडे वाचले.
दोनशे वॅट-सेकंद की चारशे,
पुन्हा भरायला किती वेळ,
नळी गेली तर नवी कुठून आणायची.
इथे वाऱ्याने रस्ता बंद झाला
की दूधही दोन दिवस येत नाही.

आयलर्टने एकतीस वर्षं
गावोगावच्या शाळांत वर्गाचे फोटो काढले.
त्याच्याकडे विकायला एकच दिवा होता,
जड, खरचटलेला,
कुठल्याशा पोराने चिकटवलेला देवमासा अजून अंगावर.
तीन हजार. छत्री वरकड.
पण किंमत सांगायच्या आधी त्याने फ्रिजमधून अंडं काढलं,
पांढऱ्या कागदावर ठेवलं.
"याचा काढ."

दिवा समोर धरला, अंडं नाहीसं झालं.
बाजूला नेला, परत आलं, अर्धंच.
मागे नेला, तर त्याला कड फुटली
आणि पोटात काळोख.
वर. लांब. इतका जवळ की छत्री कागदाला टेकली.
दर खेपेला दिवा बारीक शीळ घालत
पोट भरून घ्यायचा,
आणि आयलर्ट गप्प.
खूप वेळाने म्हणाला,
"दुसरा घ्यायचा तर
याची सावली पाठ झाल्यावर घे."
अंडं मग त्याने तळून खाल्लं.
मला विचारलंही नाही.

घरी आणल्यावर कळलं,
वाऱ्यात आमचं लाकडी घर हलतं, घराबरोबर स्टँड.
वाळूच्या पिशव्यांचे पैसे वेगळे.
वडिलांनी जुन्या लोकरी मोज्यांत
जाळ्याची शिशाची वजनं भरली,
स्टँडच्या पायाशी ठेवली.
"हं. पाड आता."

पहिले बारा फोटो त्यांचेच.
बाराही फोटोंत डोळे मिटलेले.
पापणी मिटायच्या आत चमक होऊन जाते म्हणतात.
म्हणणाऱ्यांनी खेकडे धरणारा माणूस पाहिलेला नसणार,
चाळीस वर्षं लाट अंगावर यायच्या आधीच
डोळे मिटून घेतलेला.

दिव्याच्या आत एक पिवळा बल्ब असतो,
सावली कुठे पडेल ते आधी दाखवणारा.
जाहिरातीत त्याच्यावर अर्धी ओळ.
आई विणकाम घेऊन त्याच्याजवळ येऊन बसली,
ऊब होती म्हणून.
मी तिला हलू नकोस म्हटलं नाही,
इकडे बघ म्हटलं नाही.
अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास,
चमक झाली.
"पन्नास," ती म्हणाली.

जानेवारीत किल्ल्यावर तोफ वाजली,
पोरं शाळेतून ओरडत सुटली,
समुद्रावर सूर्याची अख्खी चकती.
खिडकी कामावर रुजू झाली, डावीकडून, ठरल्या जागी.
आईला तिथे बसवलं.
सुंदर. फुकट. नेहमीसारखं.
पण तिच्या गालाखालची ती सावली
दोन महिने मी इतकी इकडून तिकडे नेली होती
की खिडकीलाही सांगावंसं वाटलं,
जरा वर हो. अर्धं पाऊल मागे.

आई म्हणाली, "तुझा तो दिवा लाव ना,
इथे पाय गार पडतात."